उपकेंद्राला रंग मिळाला, आता नर्सबाई द्या

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री, महाराष्ट्र राज्य,
तसेच सार्वजनिक आरोग्य विभागातील सर्व वरिष्ठ अधिकारी,
मंत्रालय, मुंबई.

विषय: ग्रामीण उपकेंद्रांतील रिक्त पदे आणि औषधांचा तुटवडा.

महोदय,

मी 1989 मध्ये आरोग्यसेविका म्हणून जिल्हा परिषदेच्या सेवेत रुजू झाले आणि 34 वर्षांच्या नोकरीनंतर 2023 मध्ये आरोग्य सहायिका म्हणून निवृत्त झाले. ज्या उपकेंद्रात माझी सर्वांत जास्त वर्षे गेली, त्याच गावात मी आजही राहते. गावाचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही; कारण नाव लिहिले की पहिली कारणे दाखवा नोटीस त्या आरोग्यसेविकेला जाईल, जिच्याकडे स्वतःचे उपकेंद्र सांभाळून आमच्या उपकेंद्राचा अतिरिक्त कार्यभार आहे, आणि या सगळ्यात तिचा काडीचाही दोष नाही.

हे पत्र लिहायला कारण झाली ती एक पाटी. केंद्र सरकारने नोव्हेंबर 2023 मध्ये आरोग्य व कल्याण केंद्रांचे नाव बदलून 'आयुष्मान आरोग्य मंदिर' केले. त्यानुसार यथावकाश आमच्याही उपकेंद्राला नवा रंग लागला, दारावर नवे नाव आले आणि त्याखाली 'आरोग्यम् परमं धनम्' हे वचनही आले. आतल्या भिंतीवर कर्मचाऱ्यांच्या नावांचा तक्ता रंगवायचा होता. रंगाऱ्याने 'आरोग्यसेविका' हा शब्द सुबक लिहिला, त्यापुढे दोन टिंबे दिली आणि पुढची जागा कोरी सोडली. त्याने मला विचारले, "बाई, इथं कुणाचं नाव टाकू?" माझ्याकडे उत्तर नव्हते. ते पद 14 महिने रिकामे आहे. पंचायतीने पाठपुरावा केला तेव्हा तालुक्यावरून लेखी उत्तर आले की, अतिरिक्त कार्यभाराची व्यवस्था 'पुढील आदेश होईपर्यंत' चालू राहील. नोकरीत असताना हे तीन शब्द मी पुष्कळ कागदांवर वाचले, आणि तो पुढचा आदेश फार थोड्या वेळा पाहिला.

अशा व्यवस्थेत काय होते, ते गेल्या आषाढात मी पाहिले. रात्री साडेअकराला वस्तीवरच्या एका बाईला कळा सुरू झाल्या. दुसरी खेप होती, म्हणजे वेळ कमी होता. आशाताई तिला घेऊन उपकेंद्रात आली, तर प्रसूतिकक्षाला कुलूप आणि किल्ली 11 किलोमीटरवरच्या दुसऱ्या उपकेंद्रात. गाडीसाठी फोन केला, तेव्हा सर्वांत जवळची रुग्णवाहिका दुसऱ्या रुग्णाला जिल्ह्याला घेऊन गेलेली होती. शेवटी गावातली एक जीप काढली आणि मला घरून उठवून सोबत घेतले. बाळ जीपमध्येच झाले, वार पडली, पण रक्तस्राव थांबेना. माझ्याजवळ इंजेक्शन नव्हते, गोळी नव्हती आणि निवृत्त बाई म्हणून ती देण्याचा अधिकारही नव्हता. पोटावरून गर्भाशय चोळत राहणे एवढेच हातात होते, आणि ते मी ग्रामीण रुग्णालय येईपर्यंतची 40 मिनिटे केले. बाळंतीण वाचली, बाळ सुखरूप आहे. त्यामुळे या रात्रीची नोंद आपल्या कोणत्याही अहवालात होणार नाही, कारण मातामृत्यू झाला तरच त्याचे अन्वेषण होते.

हे सांगताना आरोग्य खात्याने काहीच केले नाही असे मी म्हणणार नाही. तसे म्हणणे माझ्याच हयातभराच्या कामाला खोटे ठरवणे होईल. 1995 साली पल्स पोलिओ सुरू झाला तेव्हा डोस पाजण्यासाठी आम्ही ऊसतोडीच्या फडांपासून वीटभट्ट्यांपर्यंत हिंडलो, आणि 13 जानेवारी 2011 नंतर देशात नैसर्गिक पोलिओ विषाणूचा एकही रुग्ण सापडला नाही. 2005 मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आले आणि त्यासोबत आशाताई आल्या. त्याआधी मी एकटीने जी घरे फिरत असे, त्या घरांत मला माझे डोळे आणि कान मिळाले. 2011 मध्ये जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमामुळे सरकारी दवाखान्यातले बाळंतपण, तिथवर नेणारी गाडी आणि परतीचा प्रवास मोफत झाला. 2018 ते 2020 या काळाच्या नमुना नोंदणी पाहणीनुसार दर एक लाख जिवंत जन्मांमागे देशातले मातामृत्यूचे प्रमाण 97 होते, तर महाराष्ट्रातले 33. हा आकडा मी अभिमानाने सांगते. तो खाली आला त्याची कारणे कोणाला दूर शोधायला नकोत. गरोदर बाईची नोंद बाराव्या आठवड्याच्या आत होऊ लागली, तिचे रक्त वेळेवर तपासले गेले आणि बाळंतपणाच्या वेळी शिकलेले हात हजर राहिले. ही तिन्ही कामे उपकेंद्राच्या पातळीवर होतात. म्हणूनच तिथली खुर्ची रिकामी ठेवून हा आकडा टिकेल, असे कोणी मानत असेल तर मला त्याची काळजी वाटते.

आता तक्रारी मांडते.

पहिली आणि सर्वांत मोठी तक्रार रिक्त पदांची, आणि त्याहूनही ती झाकण्याच्या रीतीची आहे. शासनाच्या निकषांनुसार सपाट भागात 5,000 आणि आदिवासी किंवा डोंगरी भागात 3,000 लोकसंख्येमागे एक उपकेंद्र असायला हवे. हा निकष कागदावर पाळला जातो, पण एकाच आरोग्यसेविकेला दोन उपकेंद्रे दिली की तिच्यासाठी तो निकष आपोआप दुप्पट होतो. त्यात प्रतिनियुक्तीची भर पडते. एखाद्या कर्मचाऱ्याचे पद एका ठिकाणी, पगार त्याच ठिकाणाहून आणि काम मात्र तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या कार्यालयात, हा प्रकार खात्यातल्या प्रत्येकाला माहीत आहे. अशा ठिकाणी पद 'भरलेले' दाखवले जाते, त्यामुळे विधिमंडळात रिक्त पदांचा जो आकडा सांगितला जातो, त्यात ते कधी येतच नाही. उपकेंद्रात रुग्ण तपासायला समुदाय आरोग्य अधिकारी नेमले गेले ही चांगली गोष्ट आहे. आमच्याकडे आलेला मुलगा हुशार आहे, लोक त्याच्याकडे जातात. पण तो आरोग्यसेविकेचा पर्याय नाही. त्याच्या दिवसाचा मोठा वाटा वेगवेगळ्या पोर्टलांवर माहिती भरण्यात जातो, आणि रात्री एखाद्या सासूने दार ठोठावले तर सुनेसाठी तिला बाई हवी असते, हे खात्याला सांगायची वेळ यावी याचेच नवल वाटते.

याला जोडूनच कंत्राटी नेमणुकांचा प्रश्न येतो. राष्ट्रीय आरोग्य अभियानातले कर्मचारी वर्षानुवर्षे 11 महिन्यांच्या करारावर काम करीत आले. 2023 च्या अखेरीस त्यांनी संप केला, मार्च 2024 मध्ये 10 वर्षे सेवा झालेल्यांच्या समायोजनाचा, म्हणजे त्यांना नियमित सेवेत घेण्याचा, शासन निर्णय निघाला, आणि त्याच्या अंमलबजावणीसाठी त्यांना पुन्हा रस्त्यावर यावे लागले. माझ्या हाताखाली शिकलेल्या दोन मुली याच करारावर चाळिशीत पोचल्या. बदलीच्या वा करार संपण्याच्या धास्तीत असलेल्या माणसाकडून गावात मुळे रोवून काम करण्याची अपेक्षा करणे गैर आहे. गावाचा विश्वास मिळायला मला स्वतःला पाच वर्षे लागली होती, आणि पहिली दोन वर्षे तर लोक मला संततिनियमनाच्या शस्त्रक्रियेसाठी बायका 'पकडायला' आलेली बाई समजत होते.

दुसरी तक्रार औषधांची. 15 ऑगस्ट 2023 पासून आपल्या विभागाच्या सर्व रुग्णालयांत तपासणी आणि उपचार निःशुल्क झाले, त्या निर्णयाचे मी मनापासून स्वागत केले होते. केसपेपरचे पैसे वाचले, परंतु गोळी बाहेरून आणायची चिठ्ठी हातात पडली तर फुकट केसपेपरचा उपयोग काय? आमच्या भागात रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या गोळ्या सलग तीन महिने मिळाल्या, असे या वर्षात एकदाही घडलेले नाही. दोन आठवडे गोळी मिळते, तीन आठवडे मिळत नाही, मग रुग्ण ती घेणेच सोडून देतो आणि आपल्या नोंदीत तो 'उपचाराखालील रुग्ण' म्हणून तसाच राहतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून आता राज्यातल्या कुटुंबांना वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात. पण ही योजना रुग्ण दाखल झाल्यावर सुरू होते. रक्तदाब बेताल होऊन अर्धांगवायू झाला, तर योजना रुग्णालयाला पैसे देईल. तो होऊ नये म्हणून रोज घ्यायची स्वस्त गोळी मात्र आमच्या कपाटात नसते. घरात अंथरुणाला खिळलेला माणूस आला की त्याची शुश्रूषा करणारी सून किंवा मुलगी मजुरी गमावते, आणि तो खर्च कोणत्याही योजनेत बसत नाही.

औषध खरेदीची कहाणी लांबवत नाही. 2017 पासून खरेदी हाफकिन या राज्य सरकारच्याच औषधनिर्मिती महामंडळाकडे गेली, ती वेळेवर होईना म्हणून 2023 मध्ये स्वतंत्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरणाचा कायदा झाला. व्यवस्था बदलली, पाट्या बदलल्या, आमच्या मागणीपत्रकातले 'शिल्लक शून्य' मात्र बदलले नाही. तमिळनाडूने 1994 मध्ये स्वतंत्र वैद्यकीय सेवा महामंडळ स्थापन केले. तिथे प्रत्येक आरोग्य संस्थेला पासबुक असते. आपल्या वाट्याची रक्कम किती, त्यातून कोणते औषध उचलले आणि किती बाकी आहे, हे तिथल्या फार्मासिस्टला त्यावरून कळते. बँकेच्या पासबुकाइतकी साधी ही गोष्ट आपल्याला तीस वर्षांत का जमली नाही, याचे उत्तर मला एका जिल्हास्तरीय बैठकीत 'बघू' असे मिळाले होते.

तिसरी तक्रार वर पाठवण्याच्या पद्धतीची, म्हणजे रेफर करण्याची. उपकेंद्र प्राथमिक आरोग्य केंद्राकडे पाठवते, ते ग्रामीण रुग्णालयाकडे, ते उपजिल्ह्याकडे, आणि शेवटी सगळा भार जिल्हा रुग्णालयावर किंवा वैद्यकीय महाविद्यालयावर पडतो. 30 सप्टेंबर आणि 1 ऑक्टोबर 2023 रोजी नांदेडच्या शासकीय रुग्णालयात 24 तासांत 24 मृत्यू झाले आणि त्यांत 12 नवजात बालके होती. मुंबई उच्च न्यायालयाने त्याची स्वतःहून दखल घेतली. तिथल्या डॉक्टरांबद्दल काही बोलण्याचा मला अधिकार नाही. पण तेव्हा जे सांगितले गेले की अनेक रुग्ण शेवटच्या घटकेला दूरवरून आणलेले होते, त्यावर माझा लगेच विश्वास बसला, कारण रुग्णांना अशा घटकेला पुढे पाठवणाऱ्या साखळीची मी स्वतः एक कडी होते. प्रत्येक पायरीवर एक तास जातो. प्रत्येक पायरीवर नवा केसपेपर निघतो आणि आधीच्या चिठ्ठीवरचे अक्षर कोणाला लागत नाही. पाठवलेला रुग्ण पुढे पोचला की नाही, हे पाठवणाऱ्याला कोणीही कळवत नाही. रुग्ण दुसऱ्याच्या हवाली करण्याऐवजी केवळ आपल्या आवारातून बाहेर काढायचा, असे या पद्धतीचे आता रूप झाले आहे.

ऑक्टोबर 2024 मध्ये राज्यात एकाच दिवशी 10 नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले. डॉक्टर वाढायलाच हवेत. परंतु मोफत उपचारांचा निर्णय आपल्या विभागाच्या संस्थांसाठी आहे आणि महाविद्यालये वैद्यकीय शिक्षण विभागाकडे आहेत. ज्या जिल्हा रुग्णालयाचा कारभार महाविद्यालयाशी जोडला गेला, तिथे आलेल्या माणसाने खिडकीवर पैसे द्यायचे की नाही, हे त्याला कोण समजावून सांगणार? त्याच्या दृष्टीने ते कालही 'सिव्हिल' होते आणि आजही 'सिव्हिल'च आहे.

चौथी तक्रार आशाताईंच्या वतीने आहे, आणि ती लिहिताना माझा आवाज थोडा चढला तर माफ करावे. मे 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देशातल्या आशांचा जागतिक पातळीवर गौरव केला. त्याच आशांना मानधनवाढीच्या आश्वासनाचा शासन निर्णय निघावा म्हणून 2024 च्या सुरुवातीला आझाद मैदानात बसावे लागले. आमच्या गावच्या आशाताईचे पैसे तीन-तीन महिने थकतात. त्या आषाढाच्या रात्री बाळंतिणीला घेऊन आलेली तीच होती, जीपच्या डिझेलचे पैसे तिनेच दिले, आणि कोणत्या शीर्षाखाली ते परत मागायचे हे तिला आजपर्यंत कोणी सांगितलेले नाही.

पैसा कमी आहे असे उत्तर येईल, म्हणून त्याबद्दलही लिहिते. राष्ट्रीय आरोग्य धोरण 2017 मध्ये सरकारी आरोग्य खर्च 2025 पर्यंत सकल देशांतर्गत उत्पादनाच्या (जीडीपीच्या) 2.5 टक्क्यांवर नेण्याचे ठरले होते. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार तो 2013-14 मध्ये 1.15 टक्के होता आणि 2021-22 मध्ये, म्हणजे करोनाच्या काळातही, 1.84 टक्क्यांपर्यंतच पोचला. याच काळात एकूण आरोग्य खर्चातला लोकांच्या खिशातून जाणारा वाटा 64.2 टक्क्यांवरून 39.4 टक्क्यांवर आला, हे चांगले झाले. तरीही शंभरातले 39 रुपये रुग्णाचे घर देते. त्याच धोरणात राज्यांनी आपल्या अर्थसंकल्पाच्या 8 टक्क्यांहून अधिक रक्कम आरोग्यावर खर्च करावी आणि उपलब्ध निधीतला दोन तृतीयांश किंवा त्याहून मोठा वाटा प्राथमिक आरोग्यसेवेला द्यावा, असे लिहिले आहे. यातल्या पहिल्या बाबतीत महाराष्ट्र मागे आहे. सगळी ऐपत पणाला लावली आणि तरीही पैसा पुरला नाही, अशी या राज्याची स्थिती नाही.

आणि कमी पैशांत काय होते, हे शिकायला आपल्याला परदेशी जायला नको. जामखेडला रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी 1970 पासून अल्पशिक्षित बायकांना आरोग्य कार्यकर्त्या म्हणून तयार केले. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांनी गावातल्याच आरोग्यदूतांच्या हातून घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली आणि नवजात मृत्यूंचे प्रमाण निम्म्याहून खाली आणले. त्या पद्धतीचा देशाने पुढे आशांच्या कामात समावेश केला. महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशाचे रुग्ण रात्र-रात्र जागून पाहिले आणि प्राझोसिन या साध्या गोळीने मृत्यू कसे टळतात ते जगाला दाखवले. साध्या सरकारी केंद्रात एक डॉक्टर मुक्कामी राहिला म्हणून ते घडले. हे काही नवे नाही: नाशिकमध्ये जन्मलेले सर जोसेफ भोर यांच्या समितीने 1946 मध्येच लिहून ठेवले होते की, पैसे देता येत नाहीत म्हणून कोणीही पुरेशा उपचारांपासून वंचित राहता कामा नये, आणि सेवा लोकांच्या शक्य तितक्या जवळ असावी.

माझ्या मागण्या थोड्या आहेत, आणि त्यांतल्या बऱ्याच मागण्यांना नवा निधी लागत नाही.

कोणत्याही उपकेंद्राचा अतिरिक्त कार्यभार 60 दिवसांपेक्षा जास्त काळ चालू राहू नये. त्यानंतर नेमणूक झाली नाही, तर त्याचे लेखी कारण संबंधित ग्रामपंचायतीला द्यावे. आरोग्यसेवक आणि आरोग्यसेविकांच्या सर्व प्रतिनियुक्त्या रद्द कराव्यात, आणि विधिमंडळात रिक्त पदे सांगताना प्रत्यक्ष हजर कर्मचाऱ्यांची संख्या सांगावी. प्रत्येक उपकेंद्रात आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात कोणते औषध किती शिल्लक आहे, याचा फलक दर सोमवारी दारावर लावावा आणि तीच माहिती संकेतस्थळावर द्यावी. रक्तदाब आणि मधुमेहाच्या गोळ्या एकदम दोन महिन्यांच्या द्याव्यात. पुढे पाठवलेल्या प्रत्येक रुग्णाबाबत पाठवणाऱ्याने पुढच्या रुग्णालयात दूरध्वनी करावा आणि काय झाले ते 24 तासांत परत कळवले जावे. आशाताईंचे मानधन दर महिन्याच्या 10 तारखेपर्यंत त्यांच्या खात्यात जमा व्हावे आणि तातडीच्या वाहनासाठी उपकेंद्राच्या अबंधित निधीतून, म्हणजे ज्याची खर्चाची बाब आधी ठरलेली नसते त्या निधीतून, त्यांना आगाऊ रक्कम मिळावी. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांशी जोडलेल्या जिल्हा रुग्णालयांतही निःशुल्क उपचारांचा निर्णय लागू करावा.

आमच्या उपकेंद्रापुरती माझी एक वेगळी विनंती आहे. नेमणूक होईपर्यंत प्रसूतिकक्षाची दुसरी किल्ली आशाताईकडे ठेवण्याची परवानगी द्यावी. आत टेबल आहे, दिवा आहे, पाणी आहे. जीपच्या मागच्या बाकापेक्षा ते कितीतरी बरे. यासाठी मंत्रालयाला पत्र लिहावे लागते हे मलाही ठीक वाटत नाही, परंतु तालुक्यावर विचारले तेव्हा तसा अधिकार आपल्याला नाही असे सांगण्यात आले.

हे पत्र मी येत्या ग्रामसभेत वाचून दाखवणार आहे. त्याआधी आपले उत्तर आले तर तेही वाचून दाखवीन. रंगाऱ्याला मी सांगून ठेवले आहे की, उरलेला डबा टाकून देऊ नकोस, एक नाव लिहायचे बाकी आहे.

आपली नम्र,
एक निवृत्त आरोग्य सहायिका